खोताच्या डेगीचा वास

दाराशी बस उभी, खोलीत बिर्याणीचा थाळ. दोन्ही कफीलची, म्हणजे इथल्या अरब मालकाची. जेवायचं आणि सौदीतल्या धाहरानच्या हवाई तळावर कामाला जायचं, जिथे इराकची क्षेपणास्त्रं पडत होती.

"हुसेनमियाँ, हात धुवा ना," खोलीतला वहाब म्हणाला. "निवतंय."

"आधी ऐक."

"आता गोष्ट?"

तर, राज्य इंग्रजांचं. मेंबर वारला, कायदेमंडळाची पोटनिवडणूक लागली. मत फक्त सारा भरणाऱ्यांना. गावात अशी माणसं थोडकी, त्यांत बाई एकच: हुसेनमियाँची विधवा माय, हलिमा. उभे होते गावचा खोत आणि रत्नागिरीचा एक वकील. मतदान खाडीपलीकडे. खोताने मतदारांना न्यायला मोठा मचवा सजवला, वर गोश्ताची डेग चढवली. ज्याचं मीठ खाल्लं त्याला मत. हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे. हलिमाने भाकरी बांधली, पोराला काखोटीला मारलं आणि कोळ्याच्या होडीत—

भोंगा.

खोलीतल्या सगळ्यांनी विषारी वायूचे मास्क चढवले. लांब कुठेतरी धाडकन झालं. खिडकीची चिकटपट्टी सुटून लोंबू लागली.

—होडीत बसली! मास्कमधून हुसेनमियाँचा आवाज रांजणातून यावा तसा येत होता. शेजारून मचवा चाललेला. काय तो वास! पोराने भोकाड पसरलं.

"हलिमा, पोराला तरी पाठव इकडे," खोत ओरडला. "त्याला कुठे मत आहे?"

"आज नाय, खोतानू. उद्या येल."

भोंगा थांबला. मास्क उतरले.

"जिंकलं कोण?" वहाबने विचारलं.

"खोतच."

"घ्या! मग उपाशी राहून मिळवलंत काय?"

हुसेनमियाँने खिडकीची लोंबती चिकटपट्टी परत दाबून बसवली. डोळ्यांपुढे ती परतीची भरती, उतरतं ऊन, खारफुटीवर बगळे. मचव्यातली माणसं माना खाली घालून बसलेली. मनात वकील होता, पण मीठ आडवं आलं. आणि होडीत माय चक्क गात होती. तसं गाताना तिला त्याने पुन्हा कधी ऐकलं नाही.

बाहेर हॉर्न वाजला. "यल्ला! चला!"

हुसेनमियाँ दाराकडे गेला नाही; त्याने थाळ वहाबकडे सरकवला. फडक्यातली कालची अरबी रोटी, खुबूस, काढून मोडली.

"मियाँ, कफील इकामा रद्द करील, राहायचा परवानाच जाईल. घरी धाडील."

"धाडू दे. त्याला सांग, हुसेनमियाँ जेवला नाही."

वास तोच होता. तोंडाला पाणीही तसंच सुटलं. वहाबचा हात मात्र थाळावरच थांबला होता.

"खुबूस," तो हळूच म्हणाला, "दोघांना पुरेल?"