भोंगा, रत्नप्रभा मिलच्या संघाचा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. गिरणीच्या छपरावरून पाळीला हाक मारणारा तो थोरला भोंगा वेगळा. मी पत्र्याचा, हातात धरायचा, एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला पसरट. निमुळत्या टोकाला तोंड लावून कुणी ओरडलं की आवाज मैदानाच्या पलीकडे पोचतो.

माझा जन्म रत्नप्रभा मिलच्या पत्रेकाम खात्यात झाला. धाकू तिथे कामाला होता. त्याचा गाववाला काशीराम साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होता. दोघेही मालवणकडचे आणि दोघेही जोगेश्वरीला एकाच चाळीत राहायचे. काशीरामला फुटबॉलचं भारी वेड. मिलचा स्वतःचा संघ होता. खेळाडूंना मिलनेच नोकरीवर ठेवलं होतं. त्यांचा पगार खात्यातून व्हायचा आणि काम मैदानावर असायचं. काशीराम कूपरेजच्या मैदानावर प्रत्येक सामन्याला जायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचा. एकदा त्याचा घसा बसला तो आठवडाभर सुटेना. तेव्हा धाकूने उरलेल्या पत्र्याचा एक तुकडा पाइपावर वळवला, डाख देऊन कडा जोडल्या, जुन्या दाराची मूठ लावली आणि वर हिरवा रंग मारला. संघाचा रंग हिरवाच होता.

"घे," तो काशीरामला म्हणाला. "आता ओरड किती ओरडतोस ता."

माझे चांगले दिवस तिथून सुरू झाले. लीगचे सामने सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी काशीराम मला घेऊन चाळीच्या गॅलरीत उभा राहायचा आणि येणाऱ्या हंगामाचं भाकीत सांगायचा. खाली माणसं जमायची. बायका भाजी निवडता निवडता ऐकायच्या.

"ऐका हो!" तो माझ्यातून गर्जायचा. "यंदा पुढची फळी बघून घ्या! गोलात मार्तंड हा! यंदा आमका कोण अडवतलो?"

"गेल्या वर्षी अडवल्यानी तेच अडवतले!" खालून कुणीतरी ओरडायचं, आणि सगळी चाळ हसायची.

खरं सांगायचं तर संघ बेताचाच होता. दरवर्षी काशीराम भाकितात चषक आणायचा आणि दरवर्षी संघ मध्येच कुठेतरी राहायचा. पण पुढच्या वर्षी काशीराम पुन्हा तितक्याच खात्रीने गॅलरीत उभा असायचा. मार्तंड हा संघाचा गोलरक्षक. घाटकोपरचा उंच, अबोल माणूस. काशीराम नेहमी त्याच्या गोलामागे उभा राहायचा. एका सामन्यानंतर मार्तंड कठड्यापाशी आला, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काशीरामदादा, मागून हा वाजला ना, की पाय घट्ट बसतात बघा." तेवढं कौतुक मला पुष्कळ झालं.

मग ब्याऐंशी साल उजाडलं. संप सुरू झाला. छपरावरचा थोरला भोंगा गप्प झाला. आज मिटेल, उद्या मिटेल, असं म्हणता म्हणता साल सरलं. खेळाडूंपैकी कुणी बँकेच्या संघात गेलं, कुणी गावाला गेलं. मार्तंड मिलच्या कचेरीत होता म्हणून राहिला. पण संघ काही लीगमध्ये उतरला नाही. काशीराम आणि धाकू दोघांनाही परत कामावर घेतलं नाही. काशीराम साकीनाक्याला प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात लागला.

तो रडला असता तर बरं झालं असतं, मित्रांनो. चिडला असता तरी चाललं असतं. धाकू चिडायचा, शिव्या द्यायचा, आणि मग जेवायचा. काशीराम मात्र कामाला जायचा, घरी यायचा, भिंतीकडे बघत बसायचा. त्याची बायको रुक्मिणी विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "काही नाही." ती विचारायची, "भात वाढू?" तो म्हणायचा, "वाढ." एकदा ती आमटीत मीठ घालायला विसरली, तरी त्याने आमटी तशीच संपवली.

मी खुंटीला होतो. नंतर रॉकेल ओतायला नरसाळं सापडेना, तेव्हा रुक्मिणीने मला काढलं. मूठ धरून ती स्टोव्हच्या टाकीत रॉकेल ओतू लागली. मला वाटलं, आता काशीराम ओरडेल. त्याने बघितलं आणि नजर वळवली. रॉकेलचा वास मला सोसला. त्याचं ते बघून न बघणं मात्र सोसवलं नाही.

असे तीन हंगाम गेले. मग मिलचे थोडे साचे पुन्हा चालू झाले आणि एका संध्याकाळी मार्तंड जोगेश्वरीला आला. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. धाकूही तिथेच बसला होता.

"दादा, संघ परत उतरतोय," मार्तंड म्हणाला. "नवीन पोरं आहेत बरीच. मी अजून गोलातच."

"बरं," काशीराम म्हणाला.

"साहेब लोक म्हणतात, ह्या वर्षी बघू. मैदानात आपलं माणूसच दिसत नसेल तर संघ कशाला पोसायचा? संघ गेला तर त्या पोरांची नोकरी पण जाणार. तुम्ही याल ना?"

धाकू उसळला. "आमका भायर काढल्यानी, आणि आता बोंब मारूक बोलवतत? लाज नाय वाटत?"

"मी नाही काढलं, धाकूदादा," मार्तंड हळू म्हणाला.

मार्तंडने काशीरामकडे पाहिलं. "यंदा काय वाटतं तुम्हाला? कसा जाईल हंगाम?"

काशीराम म्हणाला, "मला काय वाटतच नाही रे, मार्तंड. खोटं कशाला बोलू?"

मार्तंड चहा पिऊन गेला. रुक्मिणीने कपबशा उचलल्या, मला मोरीवर नेलं आणि सोडा लावून, राखेने घासून रॉकेलचा वास जाईपर्यंत धुतलं. मग काशीरामच्या पुढ्यात ठेवलं.

"ओरडू नका हवं तर," ती म्हणाली. "पण जा."

रविवारी तो मला घेऊन गॅलरीत गेला. खालची माणसं थांबली. त्याने मला तोंडाला लावलं. त्याचा श्वास माझ्यात घुमत होता आणि शब्द येत नव्हता. कुणी हसलं नाही. शेवटी तो बोलला, अगदी साध्या आवाजात.

"रत्नप्रभाचा संघ यंदा खेळतोय. जिंकेल असं मला वाटत नाही. हरेल असंही वाटत नाही. काहीच वाटत नाही. पण मी जाणार आहे. कुणाला यायचं असेल त्याने यावं."

इतकं निर्जीव भाकीत त्याने कधी केलं नव्हतं. आणि इतकं खरंही कधी केलं नव्हतं.

पहिल्या सामन्याला आमच्या बाजूला मोजकीच माणसं होती. धाकू आला, पण लांब जाऊन बसला. मैदानात चिखल होता आणि नवी पोरं घसरून पडत होती. संघ वाईट हरला. काशीराम गोलामागे उभा राहिला आणि मला त्याने खालीच धरून ठेवलं. पुढच्या सामन्यालाही तसंच. तो येत होता, उभा राहत होता, परत जात होता. पुढे पुढे धाकू सरकत सरकत त्याच्या शेजारी येऊन बसला, आणि एका सामन्यात रागावून त्यानेच मला हिसकावलं. "अरे, धावा रे! पाय मोडले काय तुमचे?" पोरं दचकली आणि खरंच धावली. तो सामना आम्ही बरोबरीत सोडवला.

संघ तळाला राहिला. साहेबांनी संघ बंद केला. मैदानात आमची माणसं आणखी आली असती तरी त्यांनी तो ठेवला असता का, मला माहीत नाही. नव्या पोरांपैकी दोघांना दुसऱ्या कंपनीने घेतलं, बाकीची घरी गेली.

शेवटच्या सामन्यानंतर मार्तंड कठड्यापाशी आला. हातमोजे काढून नुसता उभा राहिला. काशीरामने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी काय करणार तू?"

मित्रांनो, संपानंतरच्या इतक्या वर्षांत काशीरामने कुणालाही विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"घाटकोपरला पोरांना शिकवीन म्हणतो," मार्तंड म्हणाला. "रविवारी. मैदान बरं आहे तिथलं."

"पोरं कशी आहेत?"

"कच्ची आहेत हो."

"मग यायला पाहिजे," काशीराम म्हणाला. तो हसला नाही. पण मी त्याच्या हातात होतो, आणि मूठ त्याने जरा घट्ट धरली होती.

माझा हिरवा रंग आता उडाला आहे. डाख एका जागी सुटला आहे. मला कुणी भंगारात घातलं नाही, कोरड्या फडक्याने पुसून ठेवलं, हे माझं नशीब. पत्र्याला याहून जास्त काही लागत नाही. माणसाला मात्र लागतं. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी असं गप्प बसलेलं असेल, तर त्याला विचारायचं सोडू नका. "काही नाही" म्हणेल. म्हणू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.