फणसातली हाक

रत्नाबाईंनी गोष्ट सांगितली आणि आजारी माणूस अंथरुणातून उठला नाही, असं चामराजपेटेत कधी घडलंच नव्हतं! डॉक्टर आपलं काम करायचे, गोळ्या आपलं करायच्या. पण उठायचं मनच होत नसेल तर त्यावर इलाज एकच, रत्नाबाई. कुणाला हातगुण असतो, त्यांच्या माहेरच्या घराला जिभेचा गुण होता. आत्याकडून भाचीकडे आलेला. रीत ठरलेली. उशाशी बसायचं, आजाऱ्याकडून हुंकार घेत घेत गोष्ट ऐन रंगात आणायची आणि तिथंच पदर झटकून उभं राहायचं. "उरलेली माझ्या उंबऱ्यावर. चालत या, सांगते." माणसं काठ्या टेकत यायची हो!

आणि आता त्याच रत्नाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, जखमही भरली. पण बाई हलेनात. केस विंचरू देईनात, बोलेनात. "आत्ता चालल्या नाहीत तर मग कायमच्या बसल्या," असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगा दयानंद विनवण्या करून दमला आणि शेवटी त्यानं मामेबहिणीला, भार्गवीला फोन लावला.

"मी?" भार्गवी इंदिरानगरच्या ऑफिसात जवळजवळ किंचाळलीच. "दया, मला मीटिंगमध्ये चार वाक्यं धड बोलता येत नाहीत!"

"आईची भाची तूच की. दुसरी कुठनं आणू?"

गेली बिचारी. मेट्रोत बसून लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टी आठवत गेली आणि चामराजपेटेत पोचता पोचता तिच्या ध्यानात आलं, की अरे देवा, या सगळ्या रत्नाआत्तीच्याच! जिला शेवट पाठ आहे ती तो ऐकायला कशाला उठेल?

खोलीत आत्तीची पाठ दिसत होती. "आत्ती, गोष्ट सांगू?" हूं नाही की चूं नाही. हुंकाराशिवाय गोष्ट सुरू करायची नाही, हा तर घरचा पहिला नियम. पण ती मोकळ्या केसांची पाठ भार्गवीला बघवेना. नियम गेला उडत. तोंडाला येईल ते ती बोलायला लागली.

"एक म्हातारी होती. तिच्या परसात फणसाचं झाड, झाडाला एकच फणस. आणि रोज पहाटे त्या फणसातनं कुणीतरी हाक मारायचं. म्हातारीच्या नावानं!"

पाठ हलली नाही. भार्गवीला मात्र चेव चढला. म्हातारीनं कानांत कापूस घातला, तरी हाक. फणसावर पोतं बांधलं, तरी हाक. अखेर म्हातारीनं हाताला तेल चोपडलं, विळी घेतली, फणस उतरवला, पात्यावर धरला, आणि...

आणि भार्गवीला पुढचं सुचेना. ती ताडकन उठली. "उरलेली माझ्या उंबऱ्यावर!"

दारापाशी पोचते न पोचते तोच मागून घोगरा आवाज आला. "आत कोण होतं गं?"

आत्ती बोलली! दयानंदच्या हातातला कॉफीचा लोटा खाली. भार्गवीनं मागं वळूनही पाहिलं नाही. वळली असती तर चेहऱ्यावरच दिसलं असतं, की फणसात कोण आहे हे तिलाही ठाऊक नाही!

मग काय विचारता! रोज दयानंदचा फोन. "आईनं वॉकर मागितला!" "पडवीपर्यंत गेली!" "फिजिओथेरपीवाल्या बाईंना विचारतीय, जिना कधी चढायला शिकवतीस म्हणून!" इकडे भार्गवी आनंदानं नाचायची आणि दुसऱ्या क्षणी कपाळ धरून बसायची. फणसात राक्षस घालून बघितला, हरवलेला मुलगा घालून बघितला. छे! काही बसेना. आत्ती एवढं मरमर करून येणार आणि आपण तिला काय देणार? फसवलं म्हणेल, पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल.

आणि एका रविवारी सकाळी मल्लेश्वरममधल्या तिच्या घराखाली रिक्षा थांबली. "स्वल्प निधाना, अम्मा!" रिक्षावाला ओरडत होता. आत्ती कुठली हळू जातेय! एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला दयानंद, एकेक पायरी चढत ती वर आली आणि उंबऱ्याशी ठेवलेल्या खुर्चीत बसली.

"हं. सांग."

भार्गवीला रडूच कोसळलं. "आत्ती, मला शेवट येत नाही गं. त्या दिवशीही येत नव्हता."

आत्ती अशी हसली, अशी हसली, की दयानंदनं तिला धरलं. "अगं येडे, मला तरी कुठं येत होता! गुंडो टेलर तापातनं उठून माझ्या दारात आला तेव्हा गोष्टीतला राजा कुठल्या गुहेत अडकलाय तेसुद्धा मी विसरले होते. गुंडो धापा टाकत होता, भुकेनं कासावीस. मग गुहेत राजाला काय मिळालं? गरम उप्पीट! दारात आलेल्याकडे बघायचं नि सांगायचं. बघ की माझ्याकडे."

भार्गवीनं डोळे पुसून पाहिलं. आत्तीचे पाय लटपटत होते, घोटे सुजले होते. पण अंगावर इरकल साडी होती, केस चापून विंचरलेले, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. तोंडाला पावडरसुद्धा!

"म्हातारीनं फणस फोडला," भार्गवी म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "आत बघते तर म्हातारीच! तीच, तिचंच नाक, तिचेच डोळे. पण इरकल नेसलेली, गजरा माळलेली. आणि कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, किती उशीर केलीस गं बाई! हाका मारून मारून घसा बसला की माझा!"

आत्तीनं भाचीचा हात घट्ट धरला.

"हूं," ती म्हणाली. "पुढं?"