उशाखालची कडक भाकर

सिद्धरामेश्वराची आण घेऊन सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय! गड्ड्याच्या जत्रंत, उंच पाळण्यात बसून, भर गर्दीत वरडून सांगीन. ज्याला पटत न्हाई त्यानं आत्ताच उठून जावं. चटणीला शेंगा कुटायच्या हायत, तेवढाच हात लागंल.

तर पंच्याहत्तर सालची गोष्ट. आमच्या भवानी पेठेतल्या घरात माझी नातसून वच्छला, म्हंजे चन्नवीरची बायकू, पहिल्यांदाच गरवार होती. तिसरा म्हैना. पोरगी करकंबची, उसाच्या रानात वाढलेली, अंगानं चांगली भरलेली. पर उलट्या अशा सुरू झाल्या की इचारू नका. सकाळी डोळं उघडलं की पळाली मोरीकडं. फोडणी पडली की मोरीकडं. पलीकडच्या गल्लीत कुणी लसूण सोलला तरी आमची वच्छी मोरीकडं! चार दिवसांत मोरीजवळच्या पेरूवरचा कावळा कटाळून बिऱ्हाड हलवून गेला. एकेक काडी चोचीत धरून. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

छातीत जळजळायचं, तवा मी तिला थंड दूध घोट घोट पाजायची. कंबर धरायची, तवा कुशीवर निजवून गुडघ्यात उशी द्यायची. ते जमलं. उलटीपुढं मात्र माझं काय चालंना. पोरीचं तोंड सुपारीएवढं झालं.

शेवटी डागतरीणबाईकडं नेली. बाईनं काट्यावर उभी केली आन कपाळाला आठी घातली. "दोन किलो उतरलीस गं. सोमवारपर्यंत पोटात अन्न टिकलं नाही तर दवाखान्यात ठेवून घेणार, सलाईन लावणार."

वच्छी माझा हात धरून दाराकडं वढाया लागली. तिला सुईचं लई भ्या. लहानपणी देवी टोचायला माणूस आला तर ही उसात जाऊन बसली, ती दुसऱ्या दिवशी तोडणीवाल्यांना घावली.

बाईनं उपाय बी सांगितला. "सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, काहीतरी कोरडं खायचं. मग थोडा वेळ पडून राहायचं आणि हळूहळू उठायचं. दिवसभर थोडं थोडं खायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही."

सोपं हाय की! पर आमच्या घरात सोपं न्हवतं. आमी लिंगायत. अंघोळ करून, इभूत लावून, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याबिगर तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाई. आन ह्या नेमावर राखण कुणाची? माझ्या सुनंची, सुंदरम्माची. वच्छीची सासू ती. मी तिची सासू, तरी मीच तिला भ्यायची, आता बोला.

"अंघोळ करू दे, पूजा करू दे, मग खाऊ दे की पायजे तेवढं," सुंदरम्मा म्हणाली.

"अगं, तिला अंघोळीपतूर उभं तरी राहवतंय का?"

"मी तीन बाळंतपणं काढली, आत्याबाई. एक दिस पूजा चुकली न्हाई."

"तुझं येगळं हाय बाई. तुझी लेकरं पोटात बी तुला भिऊन गप बसायची."

सुंदरम्मा पदर झटकून गेली. मी डब्यातनं कडक भाकर काढली. आपली ज्वारीची, पापडावानी वाळलेली, म्हैनाभर ठेवली तरी न बिघडणारी. आर्धी मोडली, फडक्यात बांधली आन वच्छीच्या उशाखाली सारली. त्या दिसांत ती माझ्याजवळच निजायची.

"आज्जी, पाप लागंल," ती कुजबुजली.

"लागलं तर मला लागू दे. मला आता पाप करायला तरी किती दिस उरलेत?"

सकाळी कोंबडा आरवला. वच्छीनं पडल्या पडल्या घास तोडला. कुर्रर्र! बायांनो, कडक भाकरीला लाजलज्जा म्हणून न्हाई. रस्त्यानं पहिल्या पाळीला चाललेला एक गिरणीवाला सायकलीवरनं खाली उतरला, चेन तुटली असं वाटून!

पर उलटी आली न्हाई. पोरगी जरा पडून राहिली, हळूच उठली, अंघोळ केली, पूजा केली, आन वर दही-भाकर खाल्ली. टिकली की पोटात! दुसऱ्या दिवशी बी टिकली. गालावर रंग आला.

तिसऱ्या दिवशी सुंदरम्मा म्हणाली, "घरात उंदीर झालाय. पहाटं कुरतडतोय."

"मोठा दिसतोय," मी म्हणले.

चन्नवीरनं पिंजरं आणले. एक न्हाई, तीन. खोबऱ्याचा तुकडा लावता लावता स्वताचा अंगठा त्यात घालून घेतला आन पट्टी बांधून दुकानाला गेला. उंदीर काय घावंना. तो आत वच्छलाच्या उशाला होता!

शनवारी पहाटं कुरकुर ऐकून सुंदरम्मा खराटा घेऊन आलीच. दिवा लावला.

"कोण चावतंय?"

"मी," मी म्हणले.

"काय?"

"कडक भाकर."

"दात कुटं हायत तुमचं, आत्याबाई?"

आता काय सांगावं? "चघळतिया," म्हणले. तेवढ्यात वच्छीला ठसका लागला आन तोंडातला सगळा चुरा उडाला, थेट सासूच्या निऱ्यांवर.

सुंदरम्मा वरडली न्हाई. वरडली असती तर परवडलं असतं. ती मटकन् खाली बसली आन रडाया लागली. "पूजंच्या आधी, माझ्या घरात, माझ्यापासनं लपवून!" उशाखालचं फडकं घेऊन गेली. डबा बी कुलपात.

रविवारी सकाळी उशाखाली काय न्हवतं. वच्छी तीन डाव वकली, मग मोरीच्या कट्ट्याला डोकं टेकून बसली. उठवंना तिला. मला म्हणती, "आज्जी, उद्या सोमवार. मला सुई टोचणार व्हय?"

मी चपला घातल्या. "सुंदरम्मा, मी मठात जाते. स्वामींना इचारते. ते न्हाई म्हणले तर मी बी तोंड उघडणार न्हाई."

"जावा की," ती म्हणाली. तिला वाटलं, स्वामी तिच्याच बाजूनं बोलणार.

स्वामी मठात पाटावर बसलेले. दाढी एवढी लांब की दोन चेले दोन बाजूनं धरून. मी पाया पडले.

"अप्पा, पोटातल्या लेकराची लिंगधारणा कवा करत्यात?"

"आठव्या म्हैन्यात, आज्जी."

"मग तिसऱ्या म्हैन्यात त्याला पूजंचा नेम हाय का?"

"न्हाई. अजून लिंगच न्हाई, तर नेम कसला?"

"मग त्यानं सकाळी उठून कायतरी खाल्लं तर?"

"खाऊ दे की. त्याला कोण अडवणार?"

"पर त्याला दात न्हाईत, अप्पा. आई चावून देती."

स्वामी असं हसले की दाढी चेल्यांच्या हातनं सुटली. म्हणले, "चावायचं आईनं, खायचं लेकरानं. आठव्या म्हैन्यापतूर नेम मोडत न्हाई. जा, सुनंला सांग."

मी तशीच तरातरा घरी आले आन सगळं सांगितलं. सुंदरम्मा चुलीपासनं उठून आली.

"स्वामी असं म्हणले?"

"इश्वास नसंल तर जा, इचारून ये. चपला हितंच हायत."

ती दारापतूर गेली. तितनं मोरी दिसायची, आन मोरीशी बसलेली वच्छी. सुंदरम्मा थांबली. माघारी आली, कमरंची किल्ली काढली, डबा उघडला. सबंद भाकर घेतली आन बोटाच्या पेराएवढं बारीक बारीक तुकडं केलं.

"असं दिलं की घशात बसत न्हाई," म्हणाली. मग वच्छीजवळ उकिडवी बसली. "खा गं माझे बाई. लेकरू उपाशी हाय."

दिवसभर ती तासातासाला दोन तुकडं देत राहिली. सोमवारी पहाटं तिनंच उशाखाली हात घालून पुडी सोडली. पोरीनं आवाज करत खाल्लं, भीड न ठेवता. मग दवाखाना. काट्यावर चढताना वच्छीनं डोळं गच्च मिटलं. काटा पाव किलो वर! डागतरीणबाई म्हणाली, "जा घरी. सलाईन नको." वच्छी अशी उडी मारून खाली उतरली की बाईच वरडली.

पुढं चौथा सरला तशा उलट्या आपोआप गेल्या. लेक झाली, अनसूया नाव ठेवलं. आता चार वर्साची हाय.

तवापासनं आमच्या गल्लीत कुणाला दिवस गेले की सुंदरम्मा स्वता कडक भाकर घेऊन जाती. नेम दाखवणाऱ्या सासवांना ठणकावून सांगती, "स्वामींनी सांगितलंय! चावायचं आईनं, खायचं लेकरानं!" एक बी सासू उलटून बोलत न्हाई.

आज सुंदरम्मा लेकीकडं अक्कलकोटला गेलीय, म्हणून तुमाला सांगते. कुटं बोलू नका. मी मठापतूर गेलेच न्हवते. नवी पेठंतच पाय दुखाया लागले. मग एका दुकानाच्या पायरीवर बसले, पानात भजी घेतली, आन स्वामी काय म्हणले असते त्याचा इचार करत करत खाल्ली. लई गरम होती.