पेरलेलं पाणी

मी खोटारडा आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक. पूर्वी इथं नांदणाऱ्या मूर मुसलमानांनी आमच्या डोंगरात पाट खणले ते मुंग्यांना मधाची लाच देऊन, ही गोष्ट माझीच. पण आम्ही पाणी पेरतो, हे मात्र खरं. मुरांना या मुलखातून हाकलून साडेचारशे वर्षं होत आली, तरी मी पाटकरी त्यांच्याच पाटानं वितळल्या बर्फाचं पाणी नेतो आणि वरच्या खडकाळ माळावर सोडून देतो. ते डोंगराच्या पोटात जिरतं नि दोनेक महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, गावाखालच्या झऱ्याला उगवतं.

यंदा माझी बायको व्हिसी अंथरुणाला खिळली होती. जूनअखेरचा सान हुआनचा सण काही ती बघत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी पाणी पेरून घरी आलो, तर म्हणते, "एलाद्यो, नवं पाणी प्यायल्याशिवाय मी जायची नाही, सांगून ठेवते."

मग मी रोज झऱ्यावर जाऊन बसायचो. झरा ठणठणीत कोरडा. इकडे तिचं खाणं सुटलं. शेवटी नळाचं पाणी सुरईत भरलं. झऱ्याच्या पाण्याला लोखंडाची चव असते, म्हणून आत एक गंजका नाल बुडवून ठेवला.

"आलं गं पाणी!"

तिनं घोट घेतला, तोंडात घोळवला. "आपल्या सेनिसा खेचरीचा नाल ना हा?"

"छे, भलतंच काय!"

"मेल्या, वीस वर्षं तिला चारा घातलाय मी." हसता हसता तिला ठसका लागला. मग माझा हात धरून म्हणाली, "बरं, आता नीट खोटं बोल. कसं आलं पाणी?"

मी सुरू केलं. मूर गेले, पण त्यांचा एक म्हातारा पाटकरी डोंगराच्या पोटातच राहिलाय. पाणी वाट चुकू नये म्हणून कंदील घेऊन पुढं चालतो. मी खडकाला तोंड लावून ओरडलो, बाबा, जरा पाय उचल, घरी बायको वाट बघतेय.

"मग? काय म्हणाला तो?"

मी आठवतो आहे असं दाखवत जुळवत होतो, तेवढ्यात तिचा हात सैल पडला.

नवव्या दिवशी झरा वाहायला लागला. तीच सुरई भरून मी तिच्याकडे गेलो. आमच्याकडे गेलेल्या माणसाला दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि कोनाड्याचं तोंड विटांनी बंद करतात. तिच्या कोनाड्यावर मी सगळी सुरई रिती केली. चुन्याच्या भिंतीवरून पाणी ओघळलं, फरशीवर पसरलं. एक थेंब जिरला नाही.

म्हातारा काय म्हणाला, ते मला अजून सुचलेलं नाही.