जयवंतकाकांशिवाय दोन तास सात मिनिटं

जपानच्या उत्तर किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मरेपर्यंत दार उघडलं नाही.

लग्नाच्या व्हिडिओत माणसं बोलताना दिसतात, पण वर बँडचं गाणं चढवलेलं असतं.

दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही. दादरच्या जपानीच्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगतात.

घोडपदेवच्या चाळीत मसाला भाजायला घेतला की तिन्ही मजले खोकतात.

*

तोमोए इवाशिता डॉक्युमेंटरी बनवतात. चाळीस वर्षांत पाच. एका घरात वर्षभर जायचं, कॅमेऱ्याची सवय होऊ द्यायची आणि मग सगळं चित्रीकरण त्याच माणसांना दाखवायचं. घरातलं कोणीही ‘हे काढा’ म्हणालं की त्याच दिवशी दोन्ही डिस्कवरून कायमचं पुसायचं.

हा नियम त्या मच्छीमारामुळे. पहिल्या फिल्ममध्ये तो रडला होता आणि ‘हे काढा’ म्हणाला होता. तोमोए-सान, म्हणजे तोमोएबाई, तेव्हा सव्वीस वर्षांच्या. हो म्हणाल्या आणि ठेवलं. फिल्मला बक्षीस मिळालं. गाव त्याला हसलं. त्यानंतर त्या दर वर्षी जाऊन त्याच्या बंद दाराबाहेर बसायच्या.

पाचवी फिल्म घोडपदेवची. मसाला करून विकणाऱ्या गंगुमावशी, त्यांचे यजमान जयवंतकाका, गिरणीतले, आणि लग्नाची मुलगी श्रेया. मी अनुजा, दुभाषी.

*

२०१९चे गणपती. काका पिऊन आले, गॅलरीत बसले आणि कॅमेऱ्यासमोर दीड तास बोलले. मागावर हात कसा चालायचा ते हवेत करून दाखवलं. मग बोलता बोलता गिरणीच्या बंद गेटपर्यंत आले आणि रडले.

आठवड्याने तोमोए-साननी ते मावशींना दाखवलं. काका खाली बाकड्यावर होते.

“काढ ह्यांना,” मावशी म्हणाल्या. “श्रेयाचं जमतंय. उद्या तिच्या सासरचे बघतील.”

“एवढंच काढायचं?” मी विचारलं.

“सगळेच काढ. पहिल्यापासूनचे. डोकं फिरवलंय माझं. तोंड पण नको त्यांचं.”

मी जपानीत सांगितलं, जसंच्या तसं. आदल्याच दिवशी याच मावशींनी काकांना “आज जेवायला मागू नका” म्हणून बजावलं होतं आणि सुरमईची मधली तुकडी त्यांनाच वाढली होती. ते मी सांगितलं नाही. ते कोणी विचारलं नव्हतं.

तोमोए-सान नियमाप्रमाणे तीनदा विचारतात. तिसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, “काढ म्हटलं ना? आता काय जपानीत सांगू?” आणि मिरच्या परतायला उठल्या.

मी तिथेच बसले होते. स्क्रीनवर पुसण्याची निळी पट्टी भरत गेली. मावशींची तिकडे पाठ होती.

*

डिसेंबरात श्रेयाचं लग्न झालं. २०२१च्या एप्रिलमध्ये काका आठ दिवस हॉस्पिटलात होते आणि गेले. त्यांचा फोन बटणांचा, त्यात ना आवाज ना व्हिडिओ. लग्नाच्या व्हिडिओत त्यांचे ओठ हलतात, वर बँड.

मावशी मला दर महिन्याला फोन करायच्या. “तोमाबाईकडे आहेत ना गो ते? मी बोलले म्हणून काय खरंच पुसलं असेल? बाईमाणूस आहे ती.”

“त्या आल्या की बघू, मावशी.”

तीन वर्षं नऊ महिने मी हेच म्हणत होते.

*

या जानेवारीत तोमोए-सान पुरी झालेली फिल्म घेऊन आल्या. कुठेही जाण्याआधी ती त्या घरात दाखवायची, हाही नियमच. दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या. श्रेया आली होती. मावशी सगळ्यांच्या पुढे बसल्या.

पडद्यावर मावशी मिरच्यांची देठं काढतायत. मान न वळवता:

“चहा टाकू काय?”

.

“मग तसं सांगा ना. मान काय हलवताय!”

.

“हसा. हसा मेलं.”

.

तिथे प्रत्येक वेळी आवाज जरासा तुटतो. मावशी चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघतात, थांबतात, लाजतात. खोलीतल्या मावशी प्रत्येक वेळी गुडघ्यावर पुढे सरकत होत्या.

दोन तास सात मिनिटं. चादरी काढल्या.

“आणि हे?” मावशींनी विचारलं.

तोमोए-सान खाली वाकल्या. “तुम्ही सांगितलं होतं. मी शब्द पाळला.” मी मराठी केलं.

मावशी गुडघ्यावरच मागे सरकल्या.

“रागात बोलले होते गो मी. पंचेचाळीस वर्षं बोलत आले. म्हणाले असेन, चालते व्हा. गेले काय ते? संध्याकाळी पिशवी भरून मासळी घेऊन यायचे.” मग तोमोए-सानकडे वळून: “मग मला पण काढ. त्यांच्याशिवाय मी एकटी काय नाचतेय तिथे? पूस सगळं.”

तोमोए-साननी लॅपटॉप पुढे ओढला आणि माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं आणि पहिल्यांदाच पदरचं घातलं: या रागावल्या आहेत. आमच्याकडे हे असं बोलतात. ते करायचं नसतं, थांबायचं असतं.

त्यांचा हात थांबला. “हे तेव्हा का नाही सांगितलंस?”

“काय म्हणते ती?” मावशींनी विचारलं.

मला ते मराठीत सांगता आलं नाही.

तोमोए-साननी दुसऱ्यांदा विचारलं. “पूस,” मावशी म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी तो प्रश्न मावशींपर्यंत नेलाच नाही. तोमोए-सान माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मग त्यांनी लॅपटॉप मिटला. श्रेया आईची पाठ चोळत होती. ती फिल्म अजून कुठेही दाखवलेली नाही.

*

२०२०च्या मार्चमध्ये जयवंतकाकांनी मला फोन करून विचारलं होतं, पिक्चरमध्ये आपण किती वेळ आहोत. मी म्हणाले होते, भरपूर.