निंगव्वाचं घोंगडं

“नायलॉन घालू नगंस गं पोरीला. आगटीपाशी बसायचंय न्हवं तुमास्नी?”

गौरम्मा हे म्हणाली तेव्हा सुमंगला रेणूच्या पाठीवरचे हुक लावत होती. फ्रॉक गुलाबी, तीन झालरींचा, सुमंगलाच्या भावानं मुंबईहून आणलेला. नुसता हात लागला तरी सळसळायचा. सोलापुरात तेव्हा नायलॉनची साडी नेसलेली बाई रस्त्यानं गेली की बायका वळून बघायच्या, आणि इथं तर दोन वर्षांच्या पोरीच्या अंगावर असलं कापड.

“सुती परकर-पोलकं हाय की तिचं. ह्ये एक ठिणगी आली की चिकटतंय अंगाला.”

“बघते हं, अक्का,” सुमंगला म्हणाली आणि वरचा हुक लावून टाकला. थोरल्या जावेला आपल्या पोरीचं नवं काही बघवत नाही, असं तिच्या मनात आलं. शिवाय गौरम्मा चौथीतून शाळा सोडलेली, आणि सुमंगला बी. ए.

तशी सुमंगला बेफिकीर मुळीच नव्हती. उलट भीती तिच्या पाचवीलाच पुजलेली. हुरड्याला जायचं म्हणून तिनं पिशवीत कानटोपी भरली, मोजे भरले, थर्मासमध्ये उकळून गार केलेलं पाणी, डेटॉलची बाटली, कापूस, बॅटरी. रानात साप-किरडू असतं म्हणून नवऱ्याला कॉलेजातले एन. सी. सी.चे बूट घालायला लावले.

“हुरड्याला चाललोय की हिमालयावर?” सिद्धनाथनं बुटाची नाडी ओढत विचारलं.

“हसा तुम्ही. वेळ आली की मलाच विचाराल, डेटॉल कुठाय.”

सिद्धनाथ बँकेत होता आणि हुरड्याचं बोलावणं त्याच्याच टेबलाशेजारच्या विरुपाक्षाचं होतं. विरुपाक्षाचं रान अक्कलकोट रस्त्याला. त्याच्या भावाची जीप न्यायला आली, तीतून मंडळी निघाली. दुष्काळ सरून ज्वारी पहिल्यांदाच अशी डोक्याएवढी उभी होती. कणसं बघून विरुपाक्ष स्वतःच खुळ्यासारखा हसत होता.

रानाच्या मधोमध माळा, आणि माळ्यावर निंगव्वा. पाखरं राखायला विरुपाक्षानं ठेवलेली म्हातारी. काळीशार, चिवट, डोक्यावर पदर घट्ट खोचलेला. तिची गोफण फिरली की हवा चिरल्यासारखा आवाज व्हायचा, आणि दगड कुठं पडला ते कळायच्या आधी चिमण्यांचा थवा उठायचा. सिद्धनाथला चेव आला. त्यानं गोफण मागून घेतली, गरागरा फिरवली, आणि दगड सुटला तो मागं, जीपच्या टपावर.

“सायब, पाखरं फुडं हायती की,” निंगव्वा म्हणाली. “जीपनं काय खाल्लंय तुमचं?”

सगळे पोट धरून हसले. मग निंगव्वाला रंग चढला. माळ्यावरून उतरून तिनं आपलं एकेक सामान बायकांना दाखवलं, लग्नातलं रुखवत दाखवावं तसं. “ही गोफण माज्या हातची. लोकर बी मीच कातलीया. ह्ये पायताण बाभळीच्या काट्याला भीत न्हाय. आन ह्ये घोंगडं. पाऊस आला की छप्पर, निजाया हातरूण. आन थंडीत ह्योच माजा नवरा. त्यो बी असा, की घोरत न्हाय!”

सुमंगलाही हसली. पण तेवढ्यात रेणू त्याच घोंगड्यावर जाऊन बसलेली तिला दिसली. घोंगड्याला मेंढरांचा वास येत होता. तिनं पोरीला उचललं, फ्रॉक झटकला, पिशवीतली चादर अंथरली आणि तिच्यावर बसवलं. निंगव्वानं ते पाहिलं. घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घेतली आणि आगटीच्या पलीकडं जाऊन कणसं चोळायला बसली.

आगटी म्हणजे जमिनीत केलेला उथळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. वरून राख धरली की विझल्यासारखी दिसते. कणसं तिच्यात खुपसायची, भाजली की गरम गरम चोळायची, आणि हिरवा दाणा गुळाबरोबर, शेंगाच्या चटणीबरोबर खायचा. खाताना कुणाचं बोलण्याकडं लक्ष नसतं. सुमंगलाचं मात्र सगळीकडं लक्ष होतं. उसात कोल्हा असेल का, विहिरीला कठडा आहे का. रेणूला तहान लागली असेल म्हणून तिनं थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं, ते गरम तर नाही ना म्हणून बोट बुडवलं.

“बा, कूसू, बा,” निंगव्वा पलीकडून कानडीत म्हणाली आणि हुरड्यानं भरलेला तळहात पुढं केला. ये बाळा, ये.

रेणू उठली आणि धावली. वळसा घालून नव्हे, सरळ.

फ्रॉकची खालची झालर राखेवरून गेली. आधी जाळ असा झालाच नाही; कापड आतल्या आत आक्रसलं, गोळा झालं, आणि मग भसकन पेटलं. सुमंगला जिथं होती तिथंच राहिली. हातात पाण्यानं भरलेलं झाकण. पाणी! पण ते टाकावं हेही तिला सुचलं नाही.

निंगव्वानं दोन्ही हातांनी तो फ्रॉक धरला आणि फाडला. पेटता. मग डोक्यावरची खोळ ओढून पोरीला तिच्यात गुंडाळलं आणि वर आडवी पडली. पुरुष मंडळी उठेपर्यंत सगळं झालंही होतं.

त्यानंतर सुमंगला हलली. ती धावली आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा:

“सोड! सोड माझ्या पोरीला!”

घोंगड्यासकट पोरीला हिसकावून ती जीपमध्ये चढली. जीप निघाली तेव्हा तिनं मागं पाहिलं. निंगव्वा आगटीपाशी उभी होती, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, कणीक मळताना मध्येच कुणी हाक मारली की बाई उभी राहते तशी. सुमंगलानं ते नीट पाहिलं. डेटॉलची बाटली तिच्या मांडीवर होती. जीप थांबवा, असं ती म्हणाली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी रेणूला उलटंसुलटं करून पाहिलं. पिंढरीवर एक फोड, बाकी पोरगी ठणठणीत. “नायलॉन होतं ना? नशीब समजा. विझवलं कुणी?”

“एका बाईनं,” सिद्धनाथ म्हणाला.

“मग तिचे हात कोण बघतंय?”

सिद्धनाथनं औषधाचे पैसे दिले. मलमाची डबी घेतली, ती रेणूसाठी.

घरी गौरम्मा दारातच उभी होती. पोरीची पिंढरी बघून तिनं छातीवर हात मारला. “कसं गं झालं?”

सुमंगला ओशाळली होती, आणि ओशाळलेलं माणूस काय वाटेल ते बोलतं. “ती राखणदारीण आहे ना, तिनं बोलावलं हुरडा दाखवून. आगटीच्या पलीकडून! लहान पोराला असं कुणी बोलावतं का?”

यातला शब्द न् शब्द खरा होता. फ्रॉकचं ती बोलली नाही, आणि गौरम्मानं विचारलंही नाही. सिद्धनाथनं तेच ऐकलं, तेच बँकेत सांगितलं. विरुपाक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांची पोर, आपलं रान, आपलं माणूस.

घोंगडं मागच्या अंगणात पडलं होतं. गौरम्मानं ते उन्हात टाकायला उचललं आणि हात फिरवताना थांबली. लोकरीत गुलाबी काहीतरी घट्ट चिकटून बसलं होतं, वाळलेल्या खळीसारखं. तिनं नखानं खरवडून पाहिलं. निघेना.

“सुमंगला,” तिनं हाक मारली. “हितं ये.”

सुमंगला आली. बघितलं. खाली बसली.

“घोंगड्यावर येवढं चिकटलंय. हातावर किती चिकटलं आसंल त्या म्हातारीच्या?”

“अक्का, तुम्ही सांगितलं होतं…” सुमंगला पुटपुटली.

गौरम्मा आता सूड उगवेल, असं तिला वाटलं. उगवला असता तर बरं झालं असतं. पण गौरम्मानं घोंगड्याची घडी घातली आणि ती सुमंगलाच्या मांडीवर ठेवली. “मला सांगून काय उपेग? जिला सांगायचं तिला जाऊन सांग की.”

संध्याकाळी तिनं रानात जायचं काढलं तेव्हा सिद्धनाथ म्हणाला, “कशाला वाढवतेस? विरुपाक्षानं काढून टाकलं तिला. विषय संपला.”

“काढून टाकलं?”

“मग काय, तू म्हणालीस ना, तिनं बोलावलं म्हणून.”

सुमंगला दुसऱ्याच दिवशी अक्कलकोटच्या गाडीत बसली. रेणू गौरम्मापाशी, हिच्या काखेत घोंगडं. गाडीत शेजारच्या बाईनं वासानं नाक मुरडलं, आणि सुमंगलानं ते आणखी घट्ट धरलं. विरुपाक्ष त्या दिवशी रजेवर, रानातच होता. माळ्यावर कुणीतरी पोरसवदा गडी पत्र्याचा डबा बडवत होता.

“फ्रॉक माझ्यामुळं पेटला,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “जावेनं नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. तुमच्या निंगव्वाचा काही दोष नाही. ती नसती तर माझी पोर आज नसती.”

विरुपाक्ष पायानं ढेकूळ फोडत राहिला. “वहिनी, मी तुमच्यासाठीच काढलं तिला. खरं सांगू का, गोफण धरता येतच नव्हती तिला. हाताला चिंध्या बांधून आली होती. मी म्हटलं, कामाचं बघू नंतर, आधी पोराबाळांना हाका मारायची सवय सोड.”

“ती काय म्हणाली?”

“काय म्हणणार? ‘व्हय’ म्हणाली. आणि विचारलं, पोरगी बरी हाय का.”

निंगव्वा श्रीपूरला साखर कारखान्याकडं गेली होती, ऊसतोडीवाल्यांबरोबर. बाया उसाच्या फडात गेल्या की त्यांची तान्ही पोरं पाचटाच्या झोपडीत, कोपीत, सांभाळायची, असं काहीतरी काम. कुठल्या टोळीबरोबर, ते विरुपाक्षाला ठाऊक नव्हतं. त्याच्या गावचा एक गाडीवान तिकडं निघाला होता. सुमंगलानं घोंगडं त्याच्याकडं दिलं, मलम दिलं, निरोप दिला. गाडीवान परतला तो एवढंच सांगत: कोपी सापडली, वस्तू ठेवून आलो, बाई पाण्याला गेली होती. हात? त्यानं तिला पाहिलंच नव्हतं, हात कुठले बघतोय.

आता आपणच जायचं, असं सुमंगलानं ठरवलं. आणि रेणूला गोवर आला. तापानं फणफणलेल्या पोरीच्या उशाशी बसल्यावर सुमंगलाला काळजी वाटली हे तर खरंच, पण जाणं टळलं म्हणून हायसंही वाटलं. जीपमध्ये गप्प बसल्याची लाज वाटते, घरी बोलल्याची वाटते. पण ह्या हायसं वाटण्याची लाज तिला रात्रंदिवस टोचते. ती म्हातारी पोरीचं विचारत गेली, आणि आपण?

गोवर गेला, जाणं राहिलंच; तेव्हापासून ती दिसेल त्याला विचारते, श्रीपूरला जाणार का. कारखान्यात कुणाचा भाऊ असलेली भाजीवाली, पंढरपूरच्या गाडीचा कंडक्टर. लोक “बघतो” म्हणतात. म्हणून तिचं तुम्हालाही विचारणं आहे, तुम्ही कुणीही असा:

“श्रीपूरच्या बाजूला जाणं झालं, तर ऊसतोडीच्या कोप्यांकडं एक चक्कर टाकाल का? निंगव्वा म्हणून विचारा. पोरांना कानडीत हाका मारते, लगेच ओळखू येईल. तिला सांगा, हाक मारण्यात काही चूक नव्हती, फ्रॉक मी घातला होता. आणि ती ‘बरी हाय की’ म्हणाली तर तेवढ्यावर परतू नका. तिचे हात हातात घ्या, उघडून बघा. मूठ वळते का, तेवढं बघा.”