चिकूवरचं जाळं

मित्रांनो, मी एक म्हातारा सातभाई आहे. अंग मातकट, चोच पिवळी आणि तोंड सदा चालू. नाव सातभाई असलं तरी आम्ही कधी सहा असतो, कधी दहा. शिवाय त्यात बहिणीही असतात, पण नाव ठेवणाऱ्याला हे कोण सांगणार!

विचुंबे गावात नवी घरं उठत होती, तेव्हा कुमारकाकांच्या कुंपणातल्या मेंदीत माझा जन्म झाला. आमचा कलकलाट ऐकून सुनीताकाकू हसायच्या, "आली बाई भांडकुदळ मंडळी!" आम्ही भांडत नव्हतो हो. एकानं उंच बसून पहारा करायचा, बाकीच्यांनी पाचोळ्यात किडे टिपायचे. माझं स्वतःचं घरटं कधी झालंच नाही. बहिणीच्या पिल्लांना अळ्या भरवण्यात माझं आयुष्य गेलं. तिची धाकटी तर माझ्याच चोचीवर वाढली.

आमच्या पूर्वजांत जे एकटे राहिले, त्यांना शिकरा या शिकारी पक्ष्यानं उचललं. जे एकमेकांच्या हाकेला धावले, त्यांची पिल्लं जगली. आम्ही त्यांचे वंशज. धावायचं कसं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

एका उन्हाळ्यात वटवाघळं चिकू फस्त करू लागली. काकांनी घरकामाला येणाऱ्या गुणाबाईंकडून त्यांच्या होडीवरचं जुनं जाळं मागून घेतलं, झाडावर टाकलं आणि घरातले सगळे आपल्या मूळ गावाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा पाय त्यात अडकला. तिनं हाक मारली. बहीण धावली, तीही अडकली. मग बाकीचे गेले, मीही गेलो. जितके फडफडलो तितके गुंतलो. ऊन चढलं तसे एकेक आवाज बंद झाले. धाकटी माझ्या शेजारीच चोच उघडून होती. तिला मी काहीच भरवू शकलो नाही.

संध्याकाळी झाडांना पाणी घालायला गुणाबाई आल्या. कोयत्यानं जाळं कापून त्यांनी मला सोडवलं. माझा एक पंख मोडला होता, पण मी एकटाच जिवंत होतो.

गावाहून परतल्यावर सुनीताकाकू रडल्या. "एक अडकलं, तर बाकीचे उडून का नाही गेले?"

"तसे ते जातच नाहीत गं," काका खाली बघत म्हणाले.

"माज्याच घरचा जाला व्हता, वयनी," गुणाबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मित्रांनो, फळं तुमची आहेत, खुशाल राखा. पण जाळं टाकलंत तर सकाळ-संध्याकाळ झाडाखाली येऊन बघा, आणि गावाला जाताना ते उतरवून ठेवा. माझं आता कुणी उरलेलं नाही. शेजारच्या थव्यात गेलो होतो, त्यांनी टोचून हाकलून दिलं. तरी त्यांच्यातलं कुणी कळवळून ओरडलं, की माझा मोडका पंख आपोआप उघडतो. तिथं जाळं असेल, हे मला आता कळतं. तरीही मी निघतो.